पोळ्याला बुजवलेली खांड

प्रिय सई, प्रिय ईशान,

बापूआजोबा गेल्याचं तुम्हाला तिकडे परदेशात फोनवर कळलं, आणि पुढच्या रविवारी सईनं मला विचारलं, "आजी, बापूआजोबांच्या शेतात काहीच का पेरत नाहीत? बाबा म्हणतो ते नुसतं पडून आहे." मी म्हटलं, सावकाश सांगेन. फोनवर सांगता येईल असं ते नव्हतं. त्याच आठवड्यात गावातली माणसं माझ्या दारात आली, त्याच वावराबद्दल आणि त्याच्या कडेच्या खांडीबद्दल, म्हणजे बांधातून पाणी जायला सोडलेल्या वाटेबद्दल, विचारायला. बापूभाऊजींनी ते वावर माझ्या नावावर करून ठेवलं आहे. माझ्यानंतर ते तुमच्या बाबाकडे येईल आणि कधीतरी तुमच्याकडे. म्हणून त्याची हकिगत तुम्हाला माहीत असायला हवी. पाऊस अजून यायचा आहे. तो सुरू झाला की माझ्याच्यानं हे लिहून होणार नाही, म्हणून आताच बसले आहे. शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, कुठलीही गोष्ट क्रमानं सांगायची मला सवय. ही मात्र क्रमात उभी राहत नाही... जमेल तशी सांगते.

आमची शेवटची भेट वाशिमच्या दवाखान्यातली. बाहेर वैशाखाचं ऊन, खोलीत मोठा कूलर, आणि त्याच्या मागच्या जाळीतून सारखं टपटपणारं पाणी. भाऊजींचं हृदय फार थकलं होतं. डोळे मिटलेले असायचे, पण कान जागे. मी डब्यातली मुगाची खिचडी वाटीत काढत होते, तेवढ्यात ते अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "वयनी, पानी कोन्या बाजूनं येऊन राह्यलं?" मी म्हटलं, "भाऊजी, कूलर आहे तो." ते म्हणाले, "खांड पाहा." मी म्हटलं, पाहते. "आता पाहा," ते म्हणाले, आणि मी खरोखर उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, जणू तिथून आमचं गाव दिसणार होतं. खाली रिक्षा, उसाच्या रसाची गाडी, बसस्टँडकडे जाणारी माणसं. "उघडी आहे," मी सांगितलं. त्यावर त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी घरून चहा घेऊन पोचले, तेव्हा पलंग रिकामा होता आणि कूलर बंद होता.

आता मागचं सांगते. बापूभाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन केनवडजवळच्या या गावात आले, ती नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून. पुस्तकी मराठी बोलायचे, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पहिल्याच आषाढात मी ओसरीवरून म्हटलं होतं, "किती सुंदर ढग आहेत!" भाऊजी दारात चपला शोधत होते. ते म्हणाले, "ढग सुंदर नसतात, वयनी. एक तर कामाचे असतात, नाईतर बिनकामाचे." आणि भर पावसात बाहेर पडले. हीच त्यांची कामाची रीत होती. पाऊस लागला की लोक घरात शिरायचे, भाऊजी घराबाहेर जायचे. पाणी कुठून निघतं, कुठे थांबतं, कुठे माती घेऊन पळतं, हे पाऊस चालू असतानाच दिसतं, नंतर दिसतो तो नुसता चिखल, असं त्यांचं म्हणणं. मृद्संधारण खात्यात ते नोकरीला होते. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर उतारावरचे बांध, गवताचे पट्टे, छोटे बंधारे हे त्यांचं काम. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचे, "पावसात भिजून घरी येनाऱ्या मानसाले कोन पोरगी देईन?" तुमचे आजोबा गेल्यावर मी नोकरीपायी केलेलं वाशिमचं घर सोडून गावी राहायला आले, तोवर भाऊजीही निवृत्त झाले होते. पण मी सांगणार आहे ती गोष्ट मी गावी येण्याच्या आधीची, भाऊजी नुकतेच निवृत्त झाले होते तेव्हाची. सई तेव्हा पाळण्यात होती, ईशान जन्मायचा होता.

आमचं गाव उतारावर आहे. वर आपलं घर आणि मारोतीचं देऊळ, खाली एक आळी, आळीच्या पुढे भाऊजींच्या वाटणीचं खालचं वावर, आणि त्याला लागून नदी. वरच्या शिवारातलं पाणी ओढ्यानं खालच्या आळीजवळून, त्या वावरातून नदीला मिळतं. नदी फुगली की आळीत पाणी शिरायचं. भाऊजी निवृत्त होऊन आले तसे लोक त्यांच्या मागे लागले की आता तुमी हायत, काही करा. त्यांनी मनावर घेतलं. सरकारी योजनेतून नदीचं पात्र साफ झालं. पोकलेननं निघालेल्या मुरूम-मातीचा गावाच्या बाजूनं लांबच लांब बांध घातला गेला. ओढा जिथे नदीला मिळतो, तिथे भाऊजींनी बांधात मुद्दाम वाट सोडली. तिलाच आम्ही खांड म्हणतो. तिथून नदीचं पाणी थोडं आत यायचं, पण गावाचं पाणी बाहेरही जायचं. "नदीले अडवा, पन गावाले कोंडू नका," असं ते सगळ्यांना सांगत. बांध झाला तसा गावाचा नूरच बदलला. बायका सकाळी त्यावरून फिरायला जाऊ लागल्या. काळ्या मातीच्या गावात पावसाळ्यात चप्पल न रुतणारी तेवढी एकच वाट होती.

त्या वर्षी पोळ्याचा पहिला मान नामदेवच्या जोडीला होता. नामदेव म्हणजे भाऊजींचा लहानपणापासूनचा दोस्त, खालच्या आळीत राहणारा. मिरवणूक बांधावरूनच काढायची असं साऱ्या गावानं ठरवलं, पण मध्ये खांड आडवी येत होती. आम्ही सणाला गावी आलो होतो. नामदेव सकाळीच ओसरीवर येऊन बसला.

"बापू, खांड बुजव दोन दिवस."

"काहून?"

"काहून म्हंजे? मानाची जोडी हाय माही. झुली घालून चिखलात उतरवू काय बैलायले?"

"उतरव की. बैल हाय तो, नवरदेव नाई."

"पोयाच्या दिवशी नवरदेवच असते! तुले काय समजन? तू तर कधी झालाच नाई."

ओसरीवरचे सगळे हसले. भाऊजीही हसले. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. ते निवळ होतं, आठवडाभर पाऊस नव्हता. "बुजवा," ते म्हणाले, "पन सन झाला की दुसऱ्या दिवशी मी सोता उकरनार." आणि कच्चं काम त्यांना आवडत नसे, म्हणून ते स्वतः जाऊन उभे राहिले. मुरूम टाकून, पाणी मारून, दुरमुटानं ठोकून घेतला. बैलाचा पाय रुतायला नको.

मिरवणूक देखणी झाली. रंगवलेली शिंगं, बेगड, आरशांच्या झुली, आणि नदीच्या पाण्यात सगळ्याची उलटी रांग. घुंगरमाळांचा आवाज बांधावरून खाली उतरून पाण्यावरून परत येत होता. संध्याकाळी नामदेवची बायको सरू मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. बैलांना पुरणपोळी खाऊ घालून झाली, मग माझ्या ताटात तिनं तुपाची वाटीच उपडी केली. "खा वं इंग्रजीवाली, शाळेत काय असं भेटते काय!" मला इंग्रजीवाली म्हणणारी गावात ती एकटीच. मागच्या गोठ्यात जोडी बांधलेली होती, अंगावर साज तसाच. पोळ्याला बैलांना नवी दावी लावायची रीत आहे. अंबाडीची, घरी वळलेली, पिवळीधमक दावी. नामदेवनं ती मला कौतुकानं हातात धरून दाखवली.

रात्री वरच्या शिवारावर पाऊस कोसळला. आम्हाला उजाडता उजाडता आरडाओरड ऐकू आली. मी दारात आले, तर खालच्या आळीत पाणी उभं होतं. वाहत नव्हतं, उभं होतं आणि चढत होतं. मुलांनो, हे नीट समजून घ्या. नदी त्या दिवशी काठ सोडून वर आलीच नाही. गाव बुडालं ते आपल्याच शिवाराच्या पाण्यात, कारण त्याला बाहेर जायची वाट आम्ही ठोकून बंद केली होती. भाऊजी आणि नामदेव फावडी घेऊन खांडीकडे धावले. आळीतली पोरंबाळं लोकांनी वर आणली, आमची ओसरी भरून गेली. सरू कुठे आहे असं कोणीतरी विचारलं, तेवढ्यात तिचा आवाजच आला. ती गोठ्यात होती. अंबाडीचं नवं दावं भिजलं की फुगतं, गाठ दगडासारखी होते. "इळा आना वं कोनी! दावं सुटून नाई राह्यलं!" बैल धडपडत होते, घुंगरमाळा वाजत होत्या, आणि मधूनमधून ती हाक. मग तिनं नाव घेऊन हाक मारली. "बापू... इळा!"

गोठा आणि खांड यांच्यामध्ये भाऊजींचं वावरच काय ते अंतर. त्यांना ऐकू गेलं. नंतर त्यांनीच मला सांगितलं की त्यांनी मान वर केली, एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या फावड्याकडे, आणि त्यांना वाटलं की आता दोन हात मारले की खांड फुटेल, पाणी उतरेल, विळ्याची गरजच उरणार नाही. पण मुरूम त्यांनीच ठोकून घेतला होता. तो दोन हातांत फुटणारा नव्हता. खांड फुटली तेव्हा पाणी मोठा आवाज करत बाहेर पडलं आणि आळी रिकामी झाली. आमच्या ओसरीवर कोणीतरी "जय मारोती" म्हणालं. गोठ्याची मातीची भिंत मात्र त्याआधीच बसली होती. घुंगरमाळांचा आवाज कधी थांबला ते आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही.

पंचनाम्याला तालुक्याहून साहेब आले. त्यांनी अतिवृष्टी लिहिलं. भाऊजी म्हणाले, "अतिवृष्टी नका लिहू, बांध लिहा. बुजवलेली खांड लिहा. माहं नाव लिहा." साहेबांना ते खात्यातले म्हणून माहीत होते. साहेब हळूच म्हणाले, "सर, कशाला आता? गेलेलं माणूस काही परत येणार नाही." गावानंही तेच केलं. मी वाट पाहत होते की कोणीतरी येऊन भाऊजींना चार शब्द सुनावेल. कोणी आलं नाही. नामदेव सरूच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा रस्त्यात दिसला, तेव्हा त्यानं नेहमीसारखा हात वर केला, "राम राम, बापू." तेवढंच. पुढे इतकी वर्षं रोज राम राम, आणि त्यापुढे एक शब्द नाही. भाऊजी एकदा जेवताना हात थांबवून म्हणाले, "कोनी शिवी बी देत नाई, वयनी..." आणि ताटावरून उठून गेले.

त्यांनी बांध उद्ध्वस्त केला नाही. नदीसाठी तो लागतच होता. पण खांड पूर्वीपेक्षा पुष्कळ रुंद केली, आणि आपलं खालचं वावर नांगरायचं सोडून दिलं. वावराच्या कडेचे धुरे फोडून टाकले, म्हणजे वरून येणारं पाणी आळीत न थांबता त्या वावरात पसरावं, विसावा घ्यावा आणि खांडीतून निघून जावं. नांगरलेल्या रानात पाणी पसरलं तर माती घेऊन जातं, गवतात पसरलं तर माती ठेवून जातं, हा त्यांचा जुना हिशेब. मारवेल, पवना, शेडा अशी गवतं त्यांनी कुठून कुठून आणून लावली. शेजारची गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी चराईचं रान, तेही नांगराखाली जाऊ नये म्हणून ग्रामसभेत भांडून राखलं. तुमचे आजोबाही त्यांना हसायचे, "सोयाबीनचं वावर सोडून कुसळं पेरणारा आमचा बापू!" भाऊजी वाद घालत नसत. बी झडून गेलं की दिवाळीनंतर साऱ्या गावानं गवत कापून न्यायचं, आधी कोणी विळा लावायचा नाही, एवढीच अट. त्यानंतर आळीत पाणी शिरलेलं मी पाहिलेलं नाही. वावरात शिरतं, दिवसभर गवताचे शेंडे हलत राहतात, संध्याकाळी निघून जातं.

आळीतल्या प्रत्येक गोठ्याच्या आड्याला त्यांनी एकेक विळा खोचून ठेवला होता. कोणाला विचारलं नाही, कोणी काढलाही नाही.

मी गावी राहायला आल्यावर एका श्रावणात त्यांनी मला वावरात नेलं. आम्ही बांधावर बसलो. गवत कमरेएवढं, वारा पडलेला. एकाएकी गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, हवेत क्षणभर फडफडला, आणि दगड पडावा तसा पुन्हा गवतात पडून नाहीसा झाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. भाऊजी हसले. त्या पोळ्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "तनमोर हाय, वयनी. नर हाय. मादी गवतात बसली असन कुठंतरी, ह्यो असा उड्या मारून तिले सांगते की मी इथं हाव. कोनाले बोलू नका, नाईतर उद्या फोटोवाल्यायच्या गाड्या येतीन." सपाट पेरलेल्या या सगळ्या मुलखात त्या पाखराला उडी मारायला एवढंच रान उरलं होतं. मी पाहत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की भाऊजी पाखराकडे पाहत नव्हते. मान तिरकी करून ते खांडीच्या दिशेनं काहीतरी ऐकत होते. "तुमाले आयकू येते काय?" त्यांनी विचारलं. "काय?" "घुंगरमाया." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरं हाय." दर पावसात ते खांडीवर जाऊन उभे राहायचे, लोकांना वाटायचं पाणी बघतात...

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुमचा बाबा तुम्हाला सांगेल. पण भाऊजी गेल्यापासून सकाळी मी दोन कप चहा टाकते आणि मग एक ओतून देते. मागच्या आठवड्यात दुपारी वळवाचे चार थेंब पत्र्यावर पडले, आणि मागचं दार उघडून कोणी बाहेर गेल्याचा आवाज मला आला. मी उठून पाहिलं. दाराला कडी होती.

आता परवाचं सांगते. विलास, म्हणजे नामदेवचा आणि सरूचा मुलगा, आणखी दोघांना घेऊन आला. बरोबर नामदेवही होता. तो काठी घेऊन ओसरीच्या कडेला टेकला आणि अंगणाकडे तोंड करून बसला. विलासचं म्हणणं सरळ होतं. त्यांचं शेत खांडीच्या पलीकडे, ट्रॅक्टर वरच्या रस्त्यानं लांबून न्यावा लागतो, पावसाळ्यात तोही रुततो. खांडीत सिमेंटचे पाइप टाकून वरून मुरूम घालायचा, म्हणजे रस्ता होईल आणि पाणीही जाईल. आणि खालच्या वावरात सोयाबीन घेतलं तर माझंही भलंच होईल. मी म्हटलं, "पाइप तुंबले तर?" तो म्हणाला, "साफ करू की, काकू." मी विचारलं, "पावसात? कोण जाईल?" तो चिडला नाही. पण त्याचा आवाज बदलला. "बापूकाकाचा मान मले बी हाय. पन मेलेल्या मानसासाठी जित्त्या मानसानं किती वर्सं फेरा मारावा? आन माही माय गेली, काकू. त्या खड्ड्याकडं पाह्यलं का मले तेच दिसते. बुजून गेलं तर बरं नाई का?"

अशी आई गमावलेल्या मुलाला मी काय शिकवणार होते? त्याचं खोटं नव्हतंच. आणि मला हेही दिसत होतं की मी नाही म्हटलं तरी माझ्यामागे हे थांबणार नाही. मी परदेशातल्या माणसांच्या वतीनं एका खड्ड्याला धरून बसलेली एक म्हातारी. मी म्हणणार होते की मला विचार करू द्या.

तेवढ्यात नामदेव बोलला. अंगणाकडे पाहतच बोलला. "वयनी, त्यानं इळा काहून नेला नाई, हे मी त्याले कधी इचारलं नाई. लोकायले वाटते, मी मोठ्या मनाचा. माह्या बी हातात फावडंच होतं. हाक मले बी आयकू आली. नवरा मी होतो, आन हाक तिनं त्याले मारली... तिले मालूम होतं, मी बैलायच्या मानापायी खांड बुजवाले लावली, मी काय सोडवनार!" विलास उभा राहिला आणि पुन्हा बसला. मी विचारलं, "हे तुम्ही भाऊजींना का नाही सांगितलं?" नामदेव म्हणाला, "रोज सांगाले जाऊ. तोंडातून राम रामच निघे." मग काठी टेकून तो उठला. "चाल, विलास. टॅक्टर वरून ने. खांडीत पाइप बी नाई आन मुरूम बी नाई. मी हाव तोवर नाई, आन माह्यामागं तू हायस." विलासनं माझ्याकडे पाहिलं नाही. बापाच्या कोपराला हात देऊन त्याला पायरी उतरवली आणि दोघं खालच्या आळीकडे चालत गेले.

भाऊजींना हे ऐकायला मिळालं नाही. याचं मला जे वाटतं ते मी लिहीत नाही.

सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. खांड उघडी आहे. वावरात गवत आहे, ते माझ्या नावावर आहे, आणि यंदाही त्यात काही पेरलं जाणार नाही.

तुमची आजी